नीरेकाठची पांढरी रेघ : एका नकाशाच्या प्रकल्प नोंदी

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार

फलटण तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेसाठी महाराष्ट्राचा नकाशा करतेय. आठ फूट बाय सहा फूट, फ्लेक्सवर, व्हरांड्यातल्या भिंतीला लावायचा. शाळेतला जुना नकाशा इतका जुना आहे की त्यात पालघर अजून ठाण्याच्या पोटातच आहे. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर वेगळा जिल्हा झाला, तेव्हा या शाळेतली निम्मी मुलं जन्मलीही नव्हती.

गुरुजींची अट एकच, आणि ती मला मनापासून पटलेली आहे: जिल्ह्यांमध्ये काळ्या रेषा नकोत. सहा प्रशासकीय विभागांना सहा रंग, आणि एका विभागातल्या जिल्ह्यांना त्याच रंगाच्या जवळजवळच्या छटा. लांबून विभाग दिसावा, जवळ आलं की जिल्हा. काळी रेषा मारली की सगळं सोपं होतं, हे खरं. पण आठ फुटी नकाशातसुद्धा मुंबई शहर जिल्हा केवढासा येतो! जाड रेषेत तो अर्धा बुडून जातो.

इंकस्केप या चित्र-सॉफ्टवेअरमध्ये ३६ आकार लावून, रंग भरून ए-थ्री कागदावर नमुना काढला आणि आज शाळेत नेला. चौथीतली एक मुलगी पुणे आणि साताऱ्याच्या मधून बोट फिरवत म्हणाली, "ताई, ही नीरा ना?" तिथे खरोखरच केसाएवढी पांढरी रेघ होती. मी काढलेली नव्हती. मग तिने सातारा-सांगलीमधल्या रेघेवर बोट ठेवलं. "आणि ही कुठली नदी?"

तिथे नदी नाही. तिथे काहीच नसायला हवं होतं. घरी आल्यावर नीट पाहिलं तर एकूण एक हद्दीवर तशी रेघ आहे. गर्द हिरव्या पुणे विभागात तर पांढऱ्या दोऱ्याचं जाळंच दिसतंय. हे असंच भिंतीवर गेलं तर मुलं त्याला नद्या समजतील, आणि त्यात त्यांचं काही चुकणार नाही.

४ नोव्हेंबर

आधी ठरवायचं ते एवढंच: फट खरी की खोटी?

नीरेचा पट्टा १०० टक्क्यांवर पाहिला. रेघ एक पिक्सेल, म्हणजे पडद्यावरचा एक ठिपका, एवढी रुंद. ८०० टक्क्यांवर नेला, तरी एकच पिक्सेल. ६४०० वर नेला, तरी तेवढीच. दोन आकारांत खरंच अंतर असतं तर झूमबरोबर ते रुंदावलं असतं. म्हणजे इथे आकार एकमेकांना चिकटलेले आहेत आणि रेघ पडद्यावर तयार होतेय. शिवाय ती सगळीकडे सारखी नाही. हद्द तिरकी जाते तिथे कुठे ठळक, कुठे पुसट. एका ठिकाणी हद्द नेमकी सरळ उभी आहे, तिथे रेघ जवळजवळ नाहीच.

मग नकाशा बाजूला ठेवून अगदी लहान प्रयोग केला. नवीन फाइल, पांढरी पार्श्वभूमी, दोन चौकोन, दोन्ही एकाच हिरव्या रंगाचे: लाल ०, हिरवा १०२, निळा ५१. दोघांची सामाईक कड मुद्दाम १०.५ पिक्सेलवर ठेवली, म्हणजे एका पिक्सेलच्या बरोबर मध्यावर. त्याचं पीएनजी, म्हणजे पिक्सेलचं चित्र, काढलं आणि सांध्यावरच्या पिक्सेलचा रंग ड्रॉपरने उचलला. ६४, १४०, १०२ च्या आसपास. चक्क फिकट हिरवा.

आता हिशोब. पहिला चौकोन त्या पिक्सेलचा अर्धा भाग झाकतो. कड गुळगुळीत दिसावी म्हणून सॉफ्टवेअर तिथे अर्धा हिरवा आणि अर्धा पांढरा मिसळतं. यालाच अँटीएलियासिंग म्हणतात. मग दुसरा चौकोन येतो. तोही अर्धाच पिक्सेल झाकतो. सॉफ्टवेअर पुन्हा त्याचा अर्धा हिरवा घेतं, आणि उरलेला अर्धा खाली आधीच असलेल्या रंगातून घेतं. त्या खालच्या रंगात अर्धा पांढरा आहेच. अर्ध्याचा अर्धा, म्हणजे पाव पांढरा शिल्लक राहतो. पांढऱ्यात लाल २५५ असतो, त्याचा पाव म्हणजे ६४. ड्रॉपरने हेच दाखवलं.

दोन अर्धे मिळून पिक्सेल पूर्ण झाकला जातो, हे आपल्या डोळ्याला दिसतं. सॉफ्टवेअरला ते कळायला मार्गच नाही. ते प्रत्येक आकारासाठी "पिक्सेलचा किती भाग झाकला" एवढाच आकडा ठेवतं. डावा भाग की उजवा, हे ठेवत नाही. थॉमस पोर्टर आणि टॉम डफ यांनी १९८४ साली प्रतिमा एकमेकांवर रचण्याचं जे गणित मांडलं, ते याच आकड्यावर उभं आहे, आणि आजही बहुतेक चित्र-सॉफ्टवेअर, ब्राउझर आणि पीडीएफ वाचक त्याच वाटेने जातात. एका कडेने पिक्सेलचा चतुर्थांश झाकला आणि दुसरीने तीन चतुर्थांश, तर पांढरा उरतो ०.७५ गुणिले ०.२५, म्हणजे १९ टक्क्यांच्या आत-बाहेर. कड नेमकी दोन पिक्सेलच्या मधल्या रेषेवर पडली तर शून्य. म्हणूनच तो सरळ उभा तुकडा स्वच्छ दिसत होता.

दुसरी एक गोष्ट आज डोक्यात पक्की बसली. जमिनीवर नीरा एकच आहे. आषाढीला माउलींच्या पादुकांना जिथे नीरास्नान घालतात आणि पालखी सातारा जिल्ह्यात येते, ती एकच नदी. माझ्या फाइलमध्ये मात्र ती हद्द दोनदा आहे: एकदा पुण्याची कड म्हणून, एकदा साताऱ्याची कड म्हणून. दोन्ही कडा एकमेकींना ओळखत नाहीत. सगळा घोळ तिथे आहे.

६ नोव्हेंबर

सगळ्याच फटी खोट्या असतील असं धरून चालायचं नव्हतं. नकाशाखाली भडक राणी रंगाचा एक मोठा आयत ठेवला. खोट्या फटीतून फिकट गुलाबी झाक दिसते. खरी फट असेल तर झूम केल्यावर निव्वळ राणी रंग डोकावतो. हिंगोली-नांदेडच्या हद्दीवर आणि अकोला-वाशिमच्या मध्ये राणी रंगाच्या बारीक चिरा सापडल्या. काही ठिकाणी उलट, एक जिल्हा शेजाऱ्याच्या अंगावर चढलेला. कंट्रोल आणि ५ दाबून नुसत्या बाह्यरेषा पाहिल्या, तेव्हा दोन हद्दी एकमेकींना वेटोळे घालताना स्पष्ट दिसल्या.

कारण माझ्याच कामात होतं. मूळ फाइलमध्ये बिंदू फार होते, म्हणून मी एकेक जिल्हा निवडून कंट्रोल-एल दाबून सोपा केला होता. तो आदेश प्रत्येक आकार स्वतंत्र सोपा करतो. अकोल्याची कड त्याने एका पद्धतीने छाटली, वाशिमची दुसऱ्या.

हे काम इंकस्केपमध्ये यायच्या आधीच करायला हवं. मूळ सीमा मॅपशेपर या नकाशाच्या साधनात टाकल्या. ते साधन सामाईक हद्द एकच रेषा म्हणून ओळखतं, ती एकदाच सोपी करतं आणि दोन्ही जिल्ह्यांना तीच देतं. दहा टक्के बिंदू ठेवले, तरी कोकणातल्या खाड्या ओळखू येतात. एसव्हीजी (पिक्सेलऐवजी आकार साठवणारी फाइल) काढताना निर्देशांक, म्हणजे बिंदूंच्या जागांचे आकडे, निरपेक्ष ठेवले आणि दशांशाची तीन स्थळं ठेवली. सापेक्ष निर्देशांकांत प्रत्येक बिंदू मागच्या बिंदूपासून मोजतात, आणि आकड्यांची पुढची स्थळं गाळली की चूक साठत जाते. पुण्याची नीरा पश्चिमेकडून पूर्वेकडे चालत जाते, साताऱ्याची पूर्वेकडून पश्चिमेकडे. दोघींच्या चुका वेगळ्या दिशांनी साठतात.

पुन्हा राणी रंगाची पाटी ठेवली. चिरा गेल्या. आता उरली ती फक्त खोटी फट.

७ नोव्हेंबर

सगळ्यांना माहीत असलेला उपाय आधी: प्रत्येक जिल्ह्याला त्याच्याच रंगाची बारीक कडरेषा द्यायची, म्हणजे तो शेजाऱ्यावर थोडा पसरतो.

किती बारीक? हे निर्यात होणाऱ्या, म्हणजे शेवटी काढलेल्या चित्राच्या, पिक्सेलमध्ये मोजावं लागतं. अर्ध्या पिक्सेलची कडरेषा दिली, तर माझ्या दोन चौकोनांच्या प्रयोगात भराव आणि कडरेषा असे दोन्हीकडचे मिळून चार अर्धे थर बसतात आणि पांढरा एक सोळांश उरतो. गर्द रंगात तोही दिसतो. पूर्ण एक पिक्सेलची दिली की सांध्यावरचा पिक्सेल पुरता झाकला जातो आणि पांढरा शून्य. म्हणजे एक पिक्सेल. पण कोणत्या आकाराच्या निर्यातीचा? ए-थ्रीला बरोबर बसलेली जाडी आठ फुटांना वेगळी ठरते.

शिवाय बाहेरची कडही फुगते. ठाण्याच्या खाडीचं टोक बुजलं. सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर टोकदार कोपऱ्यांतून काटे बाहेर आले. सांधा गोल केल्यावर ते गेले. मुंबई शहर जिल्हा अंगाने भरला. ही पद्धत चुकीची नाही, दोन रंगांच्या साध्या चित्राला ती पुरते. पण इथे मला किनारा जसाच्या तसा हवा आहे.

९ नोव्हेंबर, रविवार

मावशीकडे गेले होते. तिची गोधडी चाललीय. जुन्या लुगड्याचं अस्तर खाली अंथरलेलं, त्यावर तुकडे. मी तिचा हात बघत बसले. एक तुकडा ठेवते, शेजारचा तुकडा घेते, त्याची कड बोटभर आत दुमडते आणि पहिल्याच्या कडेवर चढवून टाके घालते. दोन तुकडे ती कधीच कडेला कड लावून ठेवत नाही. मी विचारलं तर म्हणाली, "कडेला कड लावली तर धुतल्यावर उसवतं गं. आणि उसवलंच तरी खाली अस्तर असतं."

मी नकाशात ३६ तुकडे कडेला कड लावून ठेवलेत, आणि खाली अस्तर नाही. पांढरा कागद आहे.

रात्री बसून केलं ते असं: एकेका विभागातल्या सगळ्या जिल्ह्यांच्या प्रती काढल्या आणि कंट्रोल-अधिकने एकजीव केल्या. पुणे विभागाचे पाच जिल्हे मिळून एक अखंड आकार, छत्रपती संभाजीनगर विभागाचे आठ मिळून एक, असे सहा. त्यांना त्या त्या विभागाची मधली छटा दिली आणि जिल्ह्यांच्या खाली ठेवले. या सहांच्याही खाली अख्ख्या महाराष्ट्राचा एक आकार, मध्यम करड्या रंगाचा.

आता पुणे आणि साताऱ्याच्या सांध्यातून पाव भाग झिरपतो तो पांढरा नाही, हिरवाच. दोन हिरव्यांच्या मधला हिरवा. डोळ्याला तो दिसतच नाही. पुणे आणि अहिल्यानगरच्या मध्ये, जिथे दोन विभाग भेटतात, तिथे दोन अस्तरं आणि दोन जिल्हे असे चार अर्धे थर पडतात आणि करडा उरतो एक सोळांश. हिरवा आणि नारिंगी शेजारी असताना तेवढा करडा कुणाला कळणार नाही. मी खूप वेळ शोधला, मला सापडला नाही.

१२ नोव्हेंबर

अस्तराने दोन नवीन भानगडी आणल्या. दोन्ही सुटल्या.

एक: समुद्राच्या बाजूला जिल्ह्याची कड आणि अस्तराची कड नेमकी एकावर एक येते. अर्धा पिक्सेल दोनदा, तीनदा रंगवला जातो, त्यामुळे किनारा थोडा जाड आणि खरबरीत दिसतो. करड्या थराची झाकही बाहेर पडते. म्हणून सातही अस्तरांना कंट्रोल आणि डाव्या कंसाने आत घेतलं, निर्यातीच्या साधारण दोन पिक्सेलइतकं. अस्तर कपड्याच्या बाहेर दिसता कामा नये. विभागांच्या सांध्याखाली यामुळे आता दोन विभागांची अस्तरं पोचत नाहीत, तिथे सलग करडा आहे आणि त्याचा पाव भाग झिरपतो. एक सोळांशाचा पाव झाला. म्हणून करड्याऐवजी सगळ्या सहा रंगांच्या जवळपास जाणारा मातकट तपकिरी घेतला. पुन्हा पाहिलं. चालतंय.

दोन: आकार एकजीव केले तेव्हा नांदेड-लातूरच्या बाजूला आत काही अतिबारीक भोकं राहिली होती, बिंदू दशांशाच्या कुठल्याशा स्थळाला चुकल्यामुळे. कंट्रोल-शिफ्ट-के दाबून आकाराचे तुकडे सुटे केले, कणाएवढे तुकडे पुसले आणि मोठा ठेवला. सहाही अस्तरांत हे तपासलं.

१४ नोव्हेंबर

फलटणमधल्या फ्लेक्सच्या दुकानात. ऑपरेटर दादा कोरल या चित्र-सॉफ्टवेअरमध्ये काम करतात. पहिलाच प्रश्न: "ताई, अक्षरं कर्व्ह करून आणलीत ना?" आणली होती, म्हणजे फॉन्टची अक्षरं काढून त्यांचे नुसते आकार केले होते. युनिकोडमधलं "सिंधुदुर्ग" दुसऱ्या मशीनवर उघडल्यावर रफार कुठे जाऊन बसेल याचा भरवसा नाही.

त्यांनी पीडीएफ उघडून एक फूट बाय एक फुटाचा तुकडा छापून दिला. अस्तर असूनही विदर्भाच्या बाजूला एक-दोन ठिकाणी फिकट रेघ दिसतेय. छपाईआधी फाइलची पिक्सेल-प्रतिमा होते, त्यात प्रत्येक थर पुन्हा वेगळा मिसळला जातो. ७२ डीपीआयला (इंचात ७२ पिक्सेल) एक पिक्सेल म्हणजे जवळजवळ ०.३५ मिलिमीटर. लांबून नाही दिसत. पण मुलं लांबून बघणार नाहीत, ती भिंतीला नाक लावून बघणार.

ऑफसेटचं काम असतं तर इतकी चिंता नसती. प्लेट काढताना असं अर्धवट मिसळणं नसतं; पीडीएफमध्ये पडद्यावर दिसलेली अशी रेघ बहुतेक वेळा कागदावर येत नाही. ॲक्रोबॅट या पीडीएफ वाचकाच्या सेटिंगमध्ये रेखाचित्र गुळगुळीत दाखवण्याची खूण काढली आणि रेघ गेली, तर ती खोटी समजायची. तिथली खरी भीती निराळी असते: रंगांच्या प्लेटा किंचित सरकतात आणि खरोखरचा पांढरा कागद उघडा पडतो. त्याला ट्रॅपिंग करतात, म्हणजे मावशीचीच कड चढवणं.

दादा म्हणाले, "तुम्हीच टिफ करून द्या. मी त्याला हात न लावता मारतो." हेच बरं. टिफ म्हणजे आधीच पिक्सेल झालेलं चित्र, त्यात पुन्हा मिसळायला थर उरत नाहीत.

१७ नोव्हेंबर

आजचा दिवस टिफमध्ये गेला, आणि वाया गेला नाही.

आठ बाय सहा फूट ७२ डीपीआयला म्हणजे ६९१२ बाय ५१८४ पिक्सेल. मी तिप्पट काढलं, २०७३६ बाय १५५५२, आणि पीएनजीच्या सेटिंगमध्ये अँटीएलियास शून्यावर ठेवलं. गुळगुळीतपणा बंद. आता प्रत्येक पिक्सेल कुठल्या ना कुठल्या एकाच जिल्ह्याचा आहे: त्याचा मध्यबिंदू पुण्यात पडला तर पुणे, साताऱ्यात पडला तर सातारा. अर्धवट कुणीच नाही, त्यामुळे खालून झिरपायला जागाच नाही. मग ती अवाढव्य प्रतिमा इमेजमॅजिक या सॉफ्टवेअरमध्ये बॉक्स फिल्टरने तीनास एक या प्रमाणात लहान करून टिफ म्हणून ठेवली. नऊ पिक्सेलची सरासरी होऊन एक पिक्सेल झाला. कड पुन्हा गुळगुळीत झाली, पण या मिसळण्यात फक्त जिल्ह्यांचेच रंग आहेत.

चौपट काढायचा विचार होता. ती प्रतिमा मेमरीत दोन गिगाबाइटच्या वर जाते आणि माझा लॅपटॉप अडून बसतो. तिप्पटीत कडेला दहा पायऱ्या मिळतात, फ्लेक्सला त्या भरपूर आहेत.

नीरेचा पट्टा टिफमध्ये पूर्ण मोठा करून, पिक्सेल पिक्सेल बघत लोणंदपासून पूर्वेकडे गेले. एका बाजूला एक हिरवा, दुसऱ्या बाजूला दुसरा हिरवा, मध्ये त्या दोघांच्या मधला हिरवा. एकही पांढरट पिक्सेल नाही. तिथे मी खरी नीरा काढली, निळी, बारीक, नावासकट.

१९ नोव्हेंबर

गुरुजींना फोनवर खेळायचं रूपही हवंय: जिल्ह्यावर बोट ठेवलं की तो उजळावा. इथे टिफ चालत नाही, एसव्हीजीच हवी, आणि कुठल्या फोनवर किती मोठी दिसेल ते आपल्या हातात नाही. तिथे कडरेषेची पद्धत परत घेतली, पण तिला वेक्टर-इफेक्टमध्ये नॉन-स्केलिंग-स्ट्रोक दिलं. नकाशा कितीही मोठा-लहान केला तरी रेषा एक पिक्सेलच राहते. किनारा फोनवर तेवढा फुगला तरी चालेल. निवडलेला जिल्हा फाइलमध्ये सगळ्यात शेवटी हलवावा लागतो, कारण एसव्हीजीमध्ये नंतर लिहिलेलं वर येतं. नाहीतर त्याची अर्धी कड शेजाऱ्याखाली दबते. रंग बदलताना कडरेषेचाही बदलायचा, तो पहिल्यांदा राहून गेला होता.

शेप-रेंडरिंगला क्रिस्प-एजेस देऊनही, म्हणजे गुळगुळीतपणा बंद करूनही, पाहिलं. फटी जातात, पण जुन्या फोनवर किनारा पायऱ्यापायऱ्यांचा दिसतो.

२४ नोव्हेंबर, सोमवार

नकाशा लागला. दादांनी टिफ जशीच्या तशी छापली. सकाळी गुरुजी आणि सातवीतल्या दोन मुलांनी धरला, मी खिळे मारले.

ती चौथीतली मुलगी आलीच. पुणे-साताऱ्याच्या मध्ये बोट ठेवलं, निळी रेघ सापडली, नाव वाचलं. मग सातारा-सांगलीकडे गेली, नाक जवळजवळ भिंतीला टेकवून. बराच वेळ शोधत होती. "इथली नदी कुठे गेली?" मी सांगितलं, इथे नदी नव्हतीच, ती चूक होती. "मग सातारा कुठे संपतो?" मी तिचं बोट धरून एका हिरव्यावरून दुसऱ्या हिरव्यावर नेलं. "इथे," ती म्हणाली.

गुरुजींना आता सातारा जिल्ह्याचाही नकाशा हवाय, अकरा तालुक्यांचा. सीमांची मूळ फाइल आज रात्री मॅपशेपरमध्ये टाकते.